बाजार सुधारल्यावरच जिनिंग विकावी? एक खुलासा

हिंगणघाट, वणी, अकोटकडे जिनिंगवाल्यांत, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या मालकांत, एक सल्ला कायम फिरतो: रुईला भाव नसताना जिनिंग विकायला काढाल, तर मातीमोल जाईल. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क तात्पुरतं उठवलं; बाहेरच्या स्वस्त कापसाने भाव दबतील अशा काळात तर तो हमखास पटतो.

पण तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली युनिटं मरतात. रुई पडते तेव्हा सहसा कापूसही पडतो. जिनिंगची कमाई या दोन्हींतल्या फरकावर आणि सरकीवर चालते. जाणता खरेदीदार एका हंगामावर जात नाही, तीन-चार वर्षांच्या नफ्याची सरासरी काढतो. गोदामातल्या 170 किलोच्या गाठींचा हिशेब ताबा देताना वेगळा करता येतो.

किंमत खरी पडते ती कुलूप लागल्यावर. मशिनींना गंज चढतो, गाठी बांधणाऱ्या प्रेसचे ऑइल सील सुकतात, जुना फिटर दुसरीकडे लागतो, कास्तकार दुसऱ्याच्या काट्यावर गाड्या नेतात. मग समोरचा फक्त जागा आणि भंगार मोजतो. करातही फरक पडतो: चालू धंदा म्हणून अख्खं युनिट दिलं तर त्या हस्तांतरणावर जीएसटी नाही, मशिनरी सुटी विकली तर आहे.

भावावर जमत नसेल तर काही रक्कम पुढच्या दोन हंगामांच्या नफ्याशी बांधून घ्या. मात्र तो नफा कसा मोजायचा, हे करारात आकड्यांनिशी लिहा. सीएला दिवाळीआधीच गाठा, आणि गिऱ्हाईक जिन फिरत असतानाच आणा.