थेरपीनंतर दुखणं वाढलं तर : पहिल्या तीन दिवसांसाठी माहितीपत्रक

मसाज, ट्रिगर पॉइंटवरचा (स्नायूतल्या आखडलेल्या, दुखऱ्या गाठीवरचा) दाब, ताण देणं, सांधा मोकळा करणं अशा हाताने केलेल्या उपचारानंतर जवळपास निम्म्या लोकांना एक-दोन दिवस त्रास होतो. दिवसा बरं वाटत होतं आणि रात्री कंबर आधीपेक्षा जास्त ठणकायला लागली, की थेरपीने बिघडवलं असं वाटणारच. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. पण क्वचित वेगळंच काही सुरू असतं आणि ते अंगावर काढून चालत नाही. म्हणून हे पत्रक घरी घेऊन जा.

नेहमीचा त्रास कसा ओळखायचा

तो पहिल्या २४ तासांत सुरू होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना सगळ्यात जास्त जाणवतो, ४८ तासांनी उतरणीला लागतो आणि तिसऱ्या दिवसापर्यंत बहुधा जातो. दुखतं ते जिथे हात फिरला तिथे किंवा त्याच्या आसपास. दाबलं की दुखतं, कूस बदलताना ओढ बसते, पण घरातल्या घरात थोडं चाललं की अंग सैल होतं. मानेवर काम झालं असेल तर हलकी डोकेदुखी आणि थकवाही येतो.

दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. येताना ४ होता आणि रात्री ६ झाला, तर काळजी नको. ८ झाला आणि झोप लागली नाही, तर आमचा दाब जास्त झाला आहे. आम्हाला कळवा.

असं का होतं

आखडलेल्या स्नायूवर दाब दिला की तिथल्या तंतूंवर बारीक ताण बसतो आणि शरीर त्या जागी हलकी सूज आणतं. शिवाय जी जागा महिनोन्महिने दुखते, तिथल्या नसा हळव्या झालेल्या असतात. एरवी सहज सोसला जाणारा दाबही त्यांना जास्त वाटतो.

तिसरं कारण आम्हाला आंब्याच्या दिवसांत फार दिसतं. खांदा मोकळा झाला, हात वर जायला लागला, म्हणून माणूस त्याच दुपारी घळ (आंबे उतरवायची जाळी लावलेला बांबू) घेऊन आंब्याच्या कलमाखाली उभा राहतो. लांब बांबूचं वजन पुढे, दोन्ही हात डोक्याच्या वर, मान मागे मोडलेली. उपचाराने सैल झालेल्या खांद्यावर यापेक्षा वाईट भार नाही. निदान एक दिवस घळ दुसऱ्याच्या हातात द्या. लावणीत ओणवं राहणं, रापण (मासे धरायचं मोठं जाळं) किनाऱ्यावर ओढणं, चिरे उचलणं यालाही हेच लागू.

अंगातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणून दुखतं, हे खरं नाही. दमट हवेत घाम जातो, म्हणून पाणी भरपूर प्या, पण त्याने हे दुखणं धुऊन निघत नाही. आणि जितकं दुखेल तितका गुण येतो, हा समज तर सोडूनच द्या. काही न दुखताही उत्तम गुण येतो.

घरी काय करायचं

पडून राहू नका. दर दोन तासांनी १० मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. किनाऱ्यावर नको: वाळू समुद्राकडे उतरती असते, एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर एका बाजूला ओढली जाते.

ठसठस असेल आणि जागा हाताला गरम लागत असेल तर पहिल्या दिवशी बर्फ, फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं. नुसता जडपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी, तीही १५ मिनिटंच. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर पायाला शेक घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. वेदनाशामक गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध, मूत्रपिंडाचा विकार किंवा पित्त असेल तर.

दुखऱ्या जागेवर खोबरेल लावून घरच्यांकडून पुन्हा रगडून घेऊ नका. दोन दिवसांचं दुखणं आठ दिवसांवर जातं ते बहुतेक यामुळे.

हे थेरपीचं दुखणं नव्हे

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधल्या जागेला बधिरता, पाऊल उचलता न येणं. अचानक, कधी न झालेली तीव्र मानदुखी किंवा डोकेदुखी, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. छातीत दुखणं, धाप लागणं. यातलं काहीही झालं तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, १०८ला लावा. एकच पोटरी सुजली, गरम आणि घट्ट झाली तर ती चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. शेतातल्या पाण्यात काम केलेल्या माणसाला ताप, लाल डोळे आणि दोन्ही पोटऱ्यांत जोरदार दुखणं असेल तर तो लेप्टोस्पायरोसिस (दूषित पाण्या-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) असू शकतो. मसाजमुळे पोटऱ्या दुखत असतील म्हणून थांबू नका. मसाजने असा ताप येत नाही. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि चिखलात काम केल्याचं तिथे आवर्जून सांगा. उशीर झाला तर हा आजार मूत्रपिंड आणि फुप्फुसांवर जातो.

पुढच्या वेळी येण्याआधी

पाच-सहा दिवसांसाठी बोटीवर जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी खोल दाबाचा उपचार घेऊ नका. त्रास वाढला तर समुद्रात दवाखाना नाही. एसटीने लांबचा प्रवास असेल तरी एक दिवस मध्ये ठेवा.

७२ तासांनीही दुखणं उतरलं नसेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता फोन करा. कुठे दुखतं, उपचारानंतर किती तासांनी सुरू झालं, आकडा किती, आणि त्या दिवशी घरी काय काम केलं, एवढं सांगा. त्यावरून आम्ही दाब कमी करायचा, वेळ निम्मी करायची की ती जागाच काही दिवस सोडायची हे ठरवतो. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू झाली असेल, गरोदरपण असेल किंवा मध्ये कुठे पडला असाल, तर तेही टेबलावर झोपण्याआधीच सांगा.