स्क्रग्ज, अर्ल

(६ जानेवारी १९२४ – २८ मार्च २०१२). अमेरिकन बँजोवादक. पाचतारी बँजो तीन बोटांनी वाजविण्याची जी पद्धत ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकाराची ओळख ठरली, ती त्यांच्या नावाने ‘स्क्रग्ज शैली’ म्हणून रूढ आहे. (महाराष्ट्रात मिरवणुकांत वाजणारा, टंकयंत्रासारख्या पट्ट्यांचा बेंजो हे निराळे वाद्य असून त्याचे मूळ जपानी तैशोगोतोमध्ये मानले जाते.)

जन्म नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या क्लीव्हलंड परगण्यातील फ्लिंट हिल या वस्तीत, शेतकरी कुटुंबात. वडील बँजो वाजवीत. अर्ल चार वर्षांचे असताना ते वारले. आई ऑर्गन वाजवी, भावंडांच्याही हाती वाद्ये होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्क्रग्ज शेल्बी येथील सूतगिरणीत कामाला होते. १९४५ मध्ये ती नोकरी सोडून ते पूर्णवेळ संगीताकडे वळले.

तीन बोटांच्या वादनाचा उगम हा वादाचा विषय आहे. स्क्रग्ज यांनी सांगितलेली हकिकत अशी : वयाच्या दहाव्या वर्षी, भाऊ हॉरेस याच्याशी भांडण झाल्यावर ते खोलीत एकटेच ‘रूबेन’ ही धून वाजवीत बसले होते, आपण दोनऐवजी तीन बोटांनी वाजवीत आहोत, हे एकाएकी ध्यानात आले. चरित्रपर लेखनात ही हकिकत वारंवार येते आणि तिच्यावरून त्यांना या पद्धतीचे जनक म्हटले जाते. मात्र त्याच परिसरात स्मिथ हॅमेट व रेक्स ब्रुक्स हे वादक त्यापूर्वीच तीन बोटांनी वाजवीत होते, आणि अंध वादक मॅक वुलब्राइट यांचे वादन ऐकल्याचे स्क्रग्ज यांनीच सांगितले आहे. डेविट ‘स्नफी’ जेंकिन्स यांनी १९३०च्या दशकात हीच धाटणी रेडिओवरून दूरवर पोहोचविली. जेंकिन्स आपल्या वादनाचे श्रेय हॅमेट व ब्रुक्स यांना देत. तेव्हा जेंकिन्स आणि स्क्रग्ज यांना गुरुशिष्य मानण्यापेक्षा एकाच स्थानिक परंपरेतून निघालेले दोन वादक मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

या परंपरेला ते वळण कोठून मिळाले, याविषयीही एकमत नाही. काही अभ्यासक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांत रुळलेल्या, गिटारसारख्या बोटांनी छेडण्याच्या पद्धतीकडे बोट दाखवितात. व्हेस ऑसमन व फ्रेड व्हॅन एप्स हे तिचे नावाजलेले वादक. १९२५ पासून ध्वनिमुद्रिका काढणारे, नॉर्थ कॅरोलायनाचेच चार्ली पूल हे या दोन प्रवाहांना जोडणारा दुवा म्हणून दाखविले जातात. बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडविले. त्याच्या जुन्या वादनात नखाने तारेवर खाली आघात करून अंगठ्याने पाचवी तार छेडली जाई. तीन बोटांची पद्धत या आघाती वादनातूनच उत्क्रांत झाली, हे मत आता मागे पडले आहे.

स्क्रग्ज यांचे स्वतःचे कर्तृत्व बोटांच्या संख्येत नसून त्यांच्या क्रमात आहे. अंगठा, तर्जनी व मध्यमा यांवर नख्या चढवून तारा ठरावीक क्रमाने अखंड छेडल्या जातात. या क्रमाला ‘रोल’ म्हणतात. चार ठोक्यांच्या मापात आठ स्वर बसतात, पण बोटे तीन असल्याने त्यांची विभागणी बहुधा ३-३-२ अशी पडते. आघात ठोक्यावर न येता पुढेमागे सरकतो आणि धून त्या प्रवाहातून निवडक स्वरांवर उठून दिसते. आखूड पाचवी तार सतारीच्या चिकारीप्रमाणे वरच्या स्वरात मधूनमधून वाजत राहते. जेंकिन्स यांच्या वादनात धुनीच्या ओळी सुट्या राहतात, स्क्रग्ज यांच्या वादनात जोड दिसत नाही. १९४०च्या दशकातील ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकल्यास हा फरक सहज कळतो.

डिसेंबर १९४५ मध्ये ते बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’मध्ये दाखल झाले व नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात वाजवू लागले. मन्रो यांचे पथक १९३०च्या दशकाच्या अखेरीचे असले, तरी ब्लूग्रासचा प्रारंभ स्क्रग्ज यांच्या आगमनापासून धरण्याकडे बहुतेकांचा कल आहे, आणि तो रास्त वाटतो. १९४८ मध्ये गिटारवादक व गायक लेस्टर फ्लॅट यांच्यासह त्यांनी ‘फॉगी माउंटन बॉइज’ हे पथक उभारले. मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीने १९५३ पासून त्यांचे पहाटेचे रेडिओ कार्यक्रम पुरस्कृत केले. पत्नी लुईझ यांनी पथकाचा व्यवहार सांभाळला. त्यांच्या वाट्याची दखल संदर्भग्रंथांनी उशिराच घेतली.

‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ (१९४९) ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना. ती मन्रो यांच्या नावावरील ‘ब्लूग्रास ब्रेकडाउन’शी बरीच मिळतीजुळती आहे, ती आधीची धूनही मूळची आपलीच, असे स्क्रग्ज यांचे म्हणणे होते. दोहोंत ठळक भेद एका कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा) : आधीच्या धुनीत ‘एफ मेजर’ येते, नंतरच्या धुनीत ‘ई मायनर’. १९४९ च्या ध्वनिमुद्रणात बँजो ‘ई मायनर’वर उतरत असताना फ्लॅट यांची गिटार ‘ई मेजर’ धरते. हा विसंवाद स्पष्ट ऐकू येतो, तरी मुद्रण तसेच प्रसिद्ध झाले. १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’ चित्रपटात ही धून मोटारींच्या पाठलागाला वापरली गेली. चित्रपटाचे कथानक १९३०च्या दशकातले, म्हणजे हे संगीत अस्तित्वात येण्यापूर्वीचे; पण प्रेक्षकांच्या मनात पाठलाग आणि बँजो यांची सांगड बसली ती बसलीच. या रचनेला दोन वेळा ग्रॅमी मिळाले, दुसऱ्यांदा २००२ मध्ये, नव्या ध्वनिमुद्रणासाठी.

‘अर्ल्स ब्रेकडाउन’ (१९५१) या धुनीत स्क्रग्ज वाजवता वाजवता खुंटी पिळून तारेचा स्वर उतरवीत व पुन्हा चढवीत. पुढे त्यांनी यासाठी दुसऱ्या व तिसऱ्या तारेला फिरत्या कळी बसविल्या. या कळींमुळे ‘बी’ ची तार ‘ए’ वर आणि ‘जी’ ची ‘एफ शार्प’ वर येते, म्हणजे मोकळ्या तारांवर ‘डी’ ची कॉर्ड मिळते. बिल कीथ व डॅन बंप यांनी १९६०च्या दशकात ही रचना सुधारून खुंटीतच सामावली.

‘द बॅलड ऑफ जेड क्लॅम्पेट’ हे दूरचित्रवाणी मालिकेचे गीत १९६३ च्या प्रारंभी कंट्री या अमेरिकन ग्रामीण वळणाच्या संगीताच्या लोकप्रियता-यादीत अग्रस्थानी गेले. १९६९ मध्ये फ्लॅट व स्क्रग्ज वेगळे झाले. नव्या धर्तीच्या संगीताकडे स्क्रग्ज यांचा ओढा हे त्याचे एक कारण मानले जाते. त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये झालेल्या निदर्शनांत ते वाजविण्यास गेले. कंट्री संगीताच्या वर्तुळात हे विरळाच. मुलांसह काढलेल्या ‘अर्ल स्क्रग्ज रिव्ह्यू’त विद्युत वाद्येही होती.

१९८५ मध्ये फ्लॅट यांच्यासह (मरणोत्तर) ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला, १९९२ मध्ये त्यांना राष्ट्रीय कला पदक मिळाले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वादनपाठाच्या पुस्तकावर अनेक पिढ्या शिकल्या. झाकीर हुसेन यांच्यासोबत वाजविणारे बेला फ्लेक हेही स्क्रग्ज यांचे वादन ऐकूनच बँजोकडे वळले. नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले. शेल्बीतील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत २०१४ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.