टायर बदलला आणि चार किलोमीटर हरवले

प्लग-इन हायब्रिड, म्हणजे बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेल्या, गाडीला नवे टायर बसवले की पुष्कळ मालकांची एकच तक्रार सुरू होते. आधी पूर्ण चार्जवर ५० किलोमीटर जायची, आता ४६ वरच इंजिन जागे होते. मग संशय कधी बॅटरीवर, कधी टायरवाल्यावर. तक्रार खोटी नसते, पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्यातली एक तर निव्वळ मोजमापाची असते.

गाडी अंतर मोजते ते चाकाचे फेरे मोजून. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. बदलायला येतो तेव्हा त्या दोनच्या आसपास उरलेल्या असतात. म्हणजे नव्या टायरची त्रिज्या ६ मिलिमीटरने जास्त. ३२-३३ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकात हा फरक जवळजवळ २ टक्के होतो. झिजलेला टायर त्याच रस्त्यावर जास्त फेरे घेत होता आणि मीटर तेवढे किलोमीटर वाढवून दाखवत होते. त्या ५० मधला एक किलोमीटर मुळात कधी नव्हताच.

दुसरी गोष्ट रबराच्या जाडीची. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो, तो जास्त चेपतो, जास्त ऊर्जा खातो. झिजत जाईल तसा हा खर्च आपोआप कमी होतो. तिसरी गोष्ट म्हणजे ते रबर कशाचे बनले आहे आणि टायरची घडण कशी आहे. निवड करायला वाव आहे तो इथेच.

टायर गाडीला अडवतो तो रस्त्याशी घासून, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी जवळजवळ स्थिरच असतो. ऊर्जा जाते ती रबराच्या आत. प्रत्येक फेऱ्यात टायरचा खालचा भाग वजनाखाली सपाट होतो आणि लगेच सुटतो. रबरी चेंडू हातातून सोडला तर तो सोडलेल्या उंचीपर्यंत परत उसळत नाही. टायरचे रबरही तसेच, दाबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही उष्णता म्हणून ठेवून घेते. लांबच्या प्रवासानंतर टायर गरम लागतो तो मुख्यतः यामुळे. चाक फिरण्याला टायरकडूनच होणाऱ्या या विरोधाला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो मोजण्याची सोयीची पद्धत म्हणजे दर टन वजनामागे किती किलोचा जोर लागतो ते पाहणे. युरोपात टायरवर जे ऊर्जा-लेबल लागते त्यात मोटारींच्या टायरसाठी ६.५ किंवा त्याहून कमी असेल तर ए, आणि १०.६ किंवा जास्त असेल तर ई.

आता हिशेब करून पाहू. गाडी १८०० किलोची. टायर टनामागे ७ किलोवाला असेल, तर १०० किलोमीटरला केवळ टायर चेपण्यात साधारण ३.४ युनिट वीज जाते. तोच टायर १० किलोवाला असेल तर ४.९ युनिट. फरक दीड युनिटाचा. विजेवर चालताना अशी गाडी १०० किलोमीटरला १८ युनिट घेते असे धरले, तर हा फरक ८ टक्क्यांचा झाला, आणि ५० किलोमीटरचे ४६ एवढ्यानेच होतात. मीटरचा खेळ यात धरलेलाही नाही.

साध्या पेट्रोल गाडीत हे कुणाच्या फारसे लक्षात येत नाही. तिथे रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी घटला तर इंधन १ ते २ टक्केच वाचते, कारण इंजिनाचे स्वतःचे घर्षण आणि सिग्नलला उभे राहून जाळलेले पेट्रोल यांचा टायरशी काही संबंध नसतो. शिवाय ब्रेक लावताना गाडीचा वेग टायरने खाल्ला काय आणि ब्रेकने खाल्ला काय, शेवटी उष्णताच. हायब्रिडमध्ये मात्र वेग कमी करताना मोटर उलटी वापरून वीज परत बॅटरीत भरली जाते. टायरने जे खाल्ले ते तिथे परत येत नाही. आणि टाकी मोठी असली की पाच-सात टक्क्यांची तूट सहज लपते. छोट्या बॅटरीत ती लगेच उघडी पडते.

त्यातही प्लग-इन हायब्रिडला एक उंबरठा असतो, जो शुद्ध विजेच्या गाडीला नाही. रोजची जा-ये ४८ किलोमीटरची असेल, तर ५० चे ४६ होणे म्हणजे केवळ दोन किलोमीटर पेट्रोलवर जाणे नव्हे. त्या दोन किलोमीटरसाठी पूर्ण थंड इंजिन सुरू होते. तेल घट्ट, सिलिंडरच्या भिंती गार, त्यामुळे इंधन जादा सोडावे लागते. धुरातले विषारी वायू मोडणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसला पोहोचेपर्यंत कामालाच लागत नाही. एखाद्या फेरीतला बराचसा विषारी धूर पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत निघतो, आणि इथे तर इंजिन गरम होईतो गाडी दारात येऊन थांबते. अशा माणसाने रोलिंग रेझिस्टन्सचे अक्षर जरूर पाहावे. पण ज्याची जा-ये २० किलोमीटरची आहे, त्याला टायर कसाही असला तरी रोज विजेवरच घर गाठता येते. त्याने चार किलोमीटरच्या मागे लागून पकड कमी असलेला टायर घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स यांचे भांडण तसे जुने आहे. रस्त्याच्या खडबडीत कणांवरून रबर घसरताना जितकी ऊर्जा शोषेल तितकी पकड चांगली. म्हणजे पकडीसाठी ऊर्जा खाणारे रबर हवे, आणि फिरताना न खाणारे हवे. तोडगा निघाला तो वेगवेगळ्या कंपनांचा फायदा घेऊन. ताशी ८० किलोमीटरला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे ११ फेरे घेते, त्यामुळे टायर चेपण्या-सुटण्याची लय संथ असते. ब्रेक लावल्यावर रबर रस्त्याच्या बारीक कणांवरून घसरते तेव्हा त्याला सेकंदाला हजारो ते लाखो धक्के बसतात. रबरात पूर्वी मुख्यतः काजळी मिसळत. तिच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका घातली, आणि सिलिका व रबर एकमेकांना धरून राहावेत म्हणून सिलेन जातीचे रसायन जोडीला दिले, तर ते रबर संथ लयीत कमी ऊर्जा खाते आणि झपाट्याच्या धक्क्यांत भरपूर खाते. मिशेलिनने असे टायर १९९२ मध्ये बाजारात आणले. प्रयोगशाळेत लाखो धक्के देणे अवघड असते, पण रबर थंड केले की ते झटपट धक्के बसल्यासारखेच वागते. म्हणून रसायनतज्ज्ञ एकाच रबराची ऊर्जा खाण्याची सवय ६० अंशाला मोजून रोलिंग रेझिस्टन्सचा अंदाज घेतात आणि ० अंशाला मोजून ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा.

भांडण त्यामुळे सौम्य झाले, मिटले नाही. टिकाऊपणा हा त्यातला तिसरा भिडू आहेच. स्वस्तात रोलिंग रेझिस्टन्स कमी करायचा तर सोपा मार्ग म्हणजे खाचा उथळ ठेवायच्या आणि पकडीत थोडी काटकसर करायची. म्हणून लेबलवरचे एक अक्षर पाहून निर्णय घेऊ नये, शेजारचे ओल्या रस्त्याचे अक्षरही वाचावे. ताशी ८० किलोमीटरवरून ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला, आणि एका टायरचा घर्षणांक ०.८ व दुसऱ्याचा ०.६५ धरला, तर पहिली गाडी ३१-३२ मीटरवर थांबते, दुसरी जवळजवळ ३९ मीटरवर. सात मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण जिथे पहिली गाडी उभी राहिली, तिथून दुसरी ताशी जवळजवळ ३५ किलोमीटर वेगाने पुढे जात असते.

वजनाकडे मात्र दुकानात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा प्लग-इन हायब्रिड सहज दोनशे ते तीनशे किलोंनी जड असते. बॅटरी, मोटर, चार्जर, शिवाय इंजिन आणि टाकी आहेतच. दोन्ही गाड्यांच्या टायरचे माप सारखे असू शकते, पण मापानंतर येणारा आकडा वेगळा असतो. २२५/४५ आर १७ या मापात (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ९१ हा भार-निर्देशांक असेल तर एक टायर ६१५ किलो पेलतो. ९४ असेल तर ६७०. गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ९४ लिहिले असेल, तर ९१ चा टायर कितीही नामांकित कंपनीचा असो, तो नाकारावा. ‘माप तेच आहे, बसेल’ हे वाक्य खरे असते. टायर बसतोच, प्रश्न तो पेलण्याचा असतो.

जादा भाराच्या टायरवर एक्सएल ही अक्षरे असतात. पण त्याची जादा ताकद जादा हवेतून येते, हे विसरले जाते. साध्या टायरचा पूर्ण भार साधारण ३६ पीएसआयला मोजलेला असतो, एक्सएलचा ४२ ला. एक्सएल घेऊन त्यात कमी हवा भरली, तर तो साध्या टायरहून किंचित कमीच पेलतो. याच्याही वरचा एचएल वर्ग २०२१ मध्ये पिरेलीने रस्त्यावर आणला. ती अक्षरे मापाच्या आधी छापलेली असतात. तो मोठ्या, जड गाड्यांसाठी आहे, आपल्या गाडीला सांगितला नसेल तर त्याच्या वाटेला जायचे कारण नाही.

दिसायला रुबाबदार म्हणून रुंद टायर घालण्याचा मोह अनेकांना होतो. रुंद टायर हवेला जास्त अडवतो आणि बहुधा चाकही जड होते. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये विजेवर चालणारी आय३ काढली तेव्हा उलटी वाट धरली होती : १५५/७० आर १९, म्हणजे सायकलची आठवण यावी इतके अरुंद आणि उंच चाक. व्यास मोठा असला की टायर टेकताना कमी वाकतो, म्हणून ऊर्जाही कमी जाते. याच गाडीची बॅटरी चार्ज करायला छोटे पेट्रोल इंजिन घेतलेली आवृत्ती मागच्या बाजूला जड होती, तिला मागे १७५ रुंदीचे टायर द्यावे लागले.

झीजही या गाड्यांत जरा निराळी होते. विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण जोर लावते, आणि रबराची झीज जोराच्या प्रमाणापेक्षा वेगाने वाढते. दुसरे असे की साध्या गाडीत ब्रेकचा भार चारही चाकांत वाटला जातो, पण मोटरने वेग कमी करताना तो मोटर जोडलेल्या चाकांवरच पडतो. ओढायचे त्यांनीच, आवरायचेही त्यांनीच. म्हणून मोटर पुढच्या चाकांना असेल तर पुढचे टायर आधी संपतात आणि दोनच बदलायची वेळ येते. तेव्हा नवे दोन पुढे घालावेत असे वाटते, पण टायर कंपन्या ते मागे घालायला सांगतात, आणि कारण पटण्याजोगे आहे. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.

आवाजाचेही आहेच. इंजिन बंद असले की टायरची घरघर पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येते. टायरच्या पोकळीतली हवा साधारण २०० हर्ट्झला घुमते, कारण पोकळीचा मधला घेर सुमारे १.७ मीटर असतो आणि त्या ध्वनीची एक तरंगलांबी त्यात नेमकी मावते. हे घुमणे दाबायला काही टायरमध्ये आतून फोम चिकटवलेला असतो. त्याने केबिन शांत होते, पण पंक्चर काढताना त्या जागचा फोम कापावा लागतो, आणि हे काम सगळीकडे होत नाही. बॅटरीने स्टेपनीची जागा घेतलेली असेल तर याचा विचार आधीच करावा; डिकीतल्या सीलंटच्या बाटलीने टायरच्या बाजूला पडलेली चीर भरत नाही. राहता राहिला ‘ईव्ही’ असा शिक्का. त्यामागे सर्वमान्य असे एक मानक नाही. आकडे चांगले असतील तर शिक्का नसलेला टायरही तितकाच चालतो.

पैसे देण्यापूर्वी बाजूवरचे चार आकडे वाचावेत : २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आणि बसवल्यानंतर हवा स्वतः तपासत राहावी, गाडी निदान काही तास उभी असताना, कारण तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. बाहेरचे तापमान १० अंशांनी उतरले की दाब दीडएक पीएसआयने पडतो. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबण्यात अर्थ नाही. तो साधारणपणे दाब २० ते २५ टक्क्यांनी पडल्यावर लागतो, म्हणजे ३६ चे २९ च्या खाली गेल्यावर, आणि तोवर रोलिंग रेझिस्टन्स दहाएक टक्क्यांनी वाढलेला असतो.