बेकनमध्ये गुंडाळायचा तो वॉटर चेस्टनट वेगळा आणि आपला शिंगाडा वेगळा

इकडे अमेरिकेत, त्यातही मिडवेस्टमध्ये, थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर कुणाकडेही पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण असलं की टेबलावर एक ट्रे हमखास दिसतो. बेकनमध्ये, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांमध्ये, गुंडाळलेले वॉटर चेस्टनट, प्रत्येकात एक टूथपिक खोचलेली आणि वरून ब्राउन शुगरचा चकचकीत थर. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला त्यातलं बेकन नाही तर आतला तो पांढरा तुकडा आवडला, ओव्हनमध्ये अर्धा तास राहूनसुद्धा कच्च्या सफरचंदासारखा कुर्रकन तुटतो, आणि बेकनच्या खारट तुपकट चवीत तो गार पाणीदार गोडवा असा काही बसतो की चार-पाच कधी संपले कळत नाही.

आता गडबड इथेच होते. आपल्याकडे शिंगाड्याच्या पिठाच्या पुड्यावर इंग्रजीत वॉटर चेस्टनट फ्लोअर लिहिलेलं असतं, ऑनलाइन शोधलं तरी वॉटर चेस्टनट म्हणजे शिंगाडा असंच उत्तर येतं, त्यामुळे मी दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात पुण्याला गेले तेव्हा २४ तारखेला भावाकडे सगळे जमणार होते म्हणून मंडईतून किलोभर उकडलेले शिंगाडे आणले, कोल्ड स्टोरेजमधून बेकनचं पाकीट आणलं आणि वहिनी आणि मी तासभर बसून ते काळे शिंगाडे सोलत बसलो, बोटं काळी झाली, शिंगाचं टोक अंगठ्यात घुसलं ते वेगळंच. टूथपिक खुपसली की निम्म्यांचे दोन तुकडे व्हायचे. जे टिकले ते भाजून निघाले तर आत बटाट्यासारखे पिठूळ, बेकनचं तूप त्यांनी शोषून घेतलेलं, एक खाल्ला की घशाशी बसायचा. अर्धा ट्रे तसाच उरला. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं कारण सगळ्यांना मी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं. म्हणून हे एकदा नीट लिहायचं होतं.

शिंगाडा हे फळ आहे. वेल पाण्यावर तरंगते, पानांचा चक्राकार झुबका वर असतो आणि त्याच्याखाली पाण्यात फळं धरतात, दोन बाजूंना दोन शिंगं म्हणून शिंगाडा. शास्त्रीय नाव ट्रापा, ते सुद्धा घोड्यांच्या पायाखाली टाकायच्या लोखंडी काटेरी गोळ्याच्या लॅटिन नावावरून आलंय, म्हणजे आपण गोखरू म्हणतो तसं. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीवर समाज पिढ्यानपिढ्या शिंगाडा लावतो आणि काढतो, दिवाळीच्या आसपास उकडलेले शिंगाडे गाडीवर येतात ते आपण सगळ्यांनी खाल्लेले आहेत. कोवळा असताना कच्चा खाल्ला तर तो पण कुरकुरीत लागतो, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो, पण शिजला की त्याचं पीठ होतं. आणि पीठ होणं हाच त्याचा गुण आहे! उपवासाची थालीपीठं, शिरा, लापशी सगळं त्याच्यावरच तर चालतं.

बेकनमध्ये गुंडाळायचा तो, डब्यात मिळणारा वॉटर चेस्टनट फळ नाहीच. तो चिखलात वाढणारा कंद आहे, आणि झाड म्हणाल तर लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातलं, पाणथळ शेतात गवतासारख्या हिरव्या पोकळ नळ्या उभ्या असतात, पानं जवळजवळ नाहीतच. खाली चिखलात छोट्या कांद्याएवढे चपटे गोल कंद, वरून तपकिरी-काळपट साल, आतून दुधासारखे पांढरे. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात याची शेती होते. म्हणजे बघा, एक वर पाण्यात तरंगतो, दुसरा खाली चिखलात पुरलेला, नात्यानं एकमेकांना काहीच लागत नाहीत, फक्त इंग्रजीत दोघांना एकच नाव पडलंय. आणि ख्रिसमसला शेगडीवर भाजतात ते चेस्टनट तिसरेच, ते झाडावरचे.

मग तो शिजूनही कुरकुरीत कसा राहतो? बटाटा किंवा शिंगाडा शिजला की त्यातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, म्हणून मऊ, पिठूळ लागतं. डब्यातल्या या चायनीज वॉटर चेस्टनटमध्ये पेशींच्या भिंती फेरुलिक अ‍ॅसिड नावाच्या घटकानं एकमेकींना सांधलेल्या असतात आणि तो सांधा उष्णतेनं सुटत नाही. डब्यात भरताना एकदा शिजवलेला असतो, तुम्ही ओव्हनमध्ये परत शिजवता, तरी दाताखाली कुर्र वाजतोच. बेकनच्या आत दुसरी बहुतेक कुठलीही भाजी घातली तर ती मऊ पडते आणि सगळाच लगदा होतो, इथे मात्र बाहेर खरपूस, आत कडक, या पदार्थाचा सगळा जीव त्यातच आहे.

अमेरिकेतल्या लोकांना अजून एक सांगते. इकडे ईशान्येकडच्या राज्यांत बातम्यांमध्ये वॉटर चेस्टनटचा उपद्रव वगैरे येतं ना, हडसन नदीत, लेक शॅम्प्लेनमध्ये, तो शिंगाड्याच्या जातीचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे आणला गेला आणि आता तळी झाकून टाकतो, दर उन्हाळ्यात लोक छोट्या बोटींतून जाऊन हातानं उपटतात. तो तुमच्या डब्यातला नव्हे, त्यामुळे घाबरून डबा परत ठेवू नका.

आता करायचं कसं. डबा घेताना अख्खे लिहिलेला घ्या, चकत्यांचा नको, चकत्यांवर बेकन बसत नाही. पाणी काढून धुवा, मग पाव वाटी सोया सॉसमध्ये तासभर ठेवा, डब्यातल्यांना स्वतःची चव फार नसते म्हणून ही पायरी गाळू नका. नंतर कपड्यानं पुसून कोरडे करा आणि ब्राउन शुगरमध्ये घोळवा, भारतात असाल तर गुळाची पावडर चालते. बेकन पातळ कापाचंच घ्या. जाड कापाचं घेतलं तर आतल्या वेटोळ्यातली चरबी वितळतच नाही आणि ते रबरासारखं राहतं, माझ्या मते या पदार्थाची सगळ्यात कॉमन चूक हीच. एका पट्टीचे तीन तुकडे करा, एक वेढा पूर्ण होऊन टोक थोडं वर चढलं पाहिजे, बास. टूथपिक शिवणीतून आरपार. ट्रेला फॉइल, वर जाळी, जाळीवर हे, म्हणजे तूप खाली गळतं, नाहीतर स्वतःच्याच तुपात उकडतात. ४०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २०० सेल्सियस, २५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा उलटा. साखर आहे त्यामुळे शेवटची पाच मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका. काही घरी केचप आणि ब्राउन शुगर एकत्र करून वर ओततात, मला ते फार गोड होतं. यातच कोंबडीची कलेजी पण घातली की झाली रुमाकी, टिकी, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेल्या अमेरिकन रेस्टॉरंटांमधून लोकप्रिय झालेली, नाव जपानी वाटलं तरी पदार्थ अमेरिकनच.

ताजे कंद चायनीज दुकानात मिळतात, दाबून दगडासारखे कडक लागतील तेच घ्या, चव डब्यापेक्षा कितीतरी गोड. पण ताजा कंद असो की ताजा शिंगाडा, दातांनी सोलू नका, तळ्यातल्या पाण्यातून आतड्यातल्या कृमीची बाधा सालीवरून होऊ शकते. धुवा, सुरीनं सोला, शिजवा.

पुण्या-मुंबईत इम्पोर्टेड सामानाच्या दुकानात हाच डबा मिळतो, थाई रेस्टॉरंटमध्ये नारळाच्या दुधात लाल लाल दाणे घालून जे डेझर्ट देतात त्यात आत हाच असतो. नाहीच मिळाला तर कमळकाकडीचे बोटभर तुकडे वाफवून घ्या, ती पण शिजून कुरकुरीत राहते, बेकनमध्ये छान लागते.

आणि शिंगाडे आणलेच असतील तर गुंडाळू नका. त्या रात्री उरलेले आम्ही शेवटी सोडवले, बेकन बारीक चिरून तव्यावर कुरकुरीत केलं, त्याच तुपात शिंगाड्याचे तुकडे टाकून कडा लाल होईपर्यंत परतले, वर मिरी आणि लिंबू. भावानं तव्यातूनच खायला सुरुवात केली.