शंभरदा कशाला, दोनदा पुरतं

‘खोटं शंभरदा सांगा, लोकांना खरं वाटू लागतं’ हे वाक्य हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या नावावर खपतं. त्याच्या भाषणांत किंवा लिखाणात ते सापडलेलं नाही. तरी सगळे ते त्याचंच धरतात, कारण तसंच ऐकत आलेत. दाव्यात तथ्य मात्र आहे. शंभर हा आकडा तेवढा फार झाला.

१९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ६० विधानं दिली. काही खरी, काही खोटी, पण सगळी पटण्याजोगी. किती खरं वाटतं त्याचे १ ते ७ गुण द्यायचे. २० विधानं तिन्ही खेपांना तीच होती. त्यांचे सरासरी गुण ४.२ वरून ४.६ आणि मग ४.७ वर गेले. एकदाच आलेल्या विधानांची सरासरी तिन्ही खेपांना होती तिथेच राहिली.

असं का होतं? वाक्याचा अर्थ लावायला मेंदूला श्रम पडतात. तेच वाक्य पुन्हा आलं की श्रम कमी. सोपं गेल्याचं जाणवतं, पण ते कशामुळे सोपं गेलं हे कळत नाही. मग त्याचं श्रेय खरेपणाला जातं. रेबर आणि श्वार्त्झ यांनी १९९९ मध्ये तर पुनरुक्तीसुद्धा काढून टाकली. ‘ओसोर्नो हे शहर चिलीत आहे’ अशी विधानं कधी ठळक, कधी पार्श्वभूमीत मिसळणाऱ्या फिक्या रंगात दाखवली. ठळक विधानं थोडी जास्त खरी वाटली! एरवी ‘सोपं ते खरं’ ही मेंदूची युक्ती वाईट नाही. खऱ्या गोष्टी बहुधा जास्त वेळा कानावर पडलेल्या असतात.

‘मला माहिती आहे, मी नाही फसणार’ हेही फारसं चालत नाही. फेझिओ आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगात एक विधान होतं: स्कॉटिश लोक नेसतात त्या चुण्यांच्या आखूड घागऱ्याला साडी म्हणतात. ‘किल्ट’ हा शब्द ठाऊक असलेल्यांनाही अशी विधानं दुसऱ्यांदा किंचित जास्त खरी वाटली. याला मर्यादा आहे. दुसऱ्या एका प्रयोगात ‘पृथ्वी चौरस आहे’ हे पुन्हा सांगूनही पटलं नाही. चालतं ते अर्धवट पटणारं. ‘आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो’ हे निव्वळ खोटं अजून शिबिरांत विकलं जातं ते यामुळेच.

आता, जबाबदार पदावरचा माणूस खुलासा करतो तेव्हा काय चुकतं ते बघा. नळाला लालसर पाणी आलं, अफवा पसरली, आणि सूचना निघाली: ‘पाणी विषारी असल्याची बातमी खोटी!’ म्हणजे अफवेची आणखी एक आवृत्ती, तीही ठळक अक्षरांत. काही दिवसांनी ‘खोटी’ गळू शकतं, ‘पाणी विषारी’ उरू शकतं.

शीर्षकात खरं काय तेच लिहावं: कोणी, कधी, काय तपासलं. मग ‘पुढचं विधान चुकीचं आहे’ असं आधी बजावून अफवा एकदाच सांगावी. लगेच रंगाचं कारण: दुरुस्तीनंतर पाणी जोरात सुटलं आणि पाइपातला गंज सुटून आला. हे कारण गाळलं तर रिकाम्या जागी अफवाच परत येऊन बसते. शेवटी पुन्हा खरं विधान. अफवा कुणी ऐकलीच नसेल तर खुलासा काढूच नये.

खरी परीक्षा निकाल हातात नसताना. जंतूंच्या चाचणीला साधारण एक दिवस लागतो. तेव्हा ‘पाणी सुरक्षित आहे’ असं ठोकून देणं म्हणजे आपलीच अफवा सोडणं. ‘नमुना घेतलाय, निकाल उद्या, तोवर उकळून प्या’ एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं.

वाचणाऱ्याच्या हातीही एक उपाय आहे. २०२० मध्ये ब्रॅशियर आणि सहकाऱ्यांना दिसलं की, विधान पहिल्यांदा समोर येतानाच ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं, तर पुनरुक्तीचा परिणाम थांबतो. अर्थात, त्या विषयाची माहिती आधीपासून डोक्यात असेल तरच.