ट्रॅकवर ऑइल प्रेशर का पडते, आणि ते टिकवायचे कसे

रस्त्यावर वर्षानुवर्षे कुरकुर न करणारे इंजिन ट्रॅकच्या एका दिवसात बेअरिंग खाऊन बसते, तेव्हा ठपका बहुतेक वेळा पंपावर येतो. उघडून पाहिले तर पंप शाबूत असतो. त्याच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आलेली असते. पिकअपची, म्हणजे पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी सतत तेलात बुडालेली ठेवणे, हेच सगळे काम आहे.

तेल जाते कुठे?

गाडी उजवीकडे वळली की चेंबरमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातले, तेल डाव्या भिंतीवर चढते. बाजूचा जोर 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतका) झाला की तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो, 1.2 जीला 50 अंशांनी. रस्त्याचे साधे टायर 1 जीच्या आसपास हात टेकतात, सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे चिकट टायर, सहज पुढे जातात. त्यामुळे इंजिनाला हातही न लावता फक्त टायर बदलले, तरी प्रेशरचा प्रश्न नव्याने उभा राहतो. ब्रेक मारताना तेल पुढे पळते, म्हणून पिकअप मागे असलेल्या इंजिनाला कडक ब्रेकची भीती. पिकअप पुढे असेल तर वळणातून जोरात बाहेर पडताना सांभाळायचे.

सगळ्यात वाईट ते लांब, एकसारखे वळण. साधा हिशेब करा: पंप मिनिटाला 40 लिटर तेल उचलतो आणि चेंबरमध्ये 5 लिटर आहे असे धरले, तर सगळे तेल साडेसात सेकंदांत एक फेरी मारते. वरच्या रेव्हवर त्यातले बरेच हेडमध्ये आणि क्रँककेसच्या भिंतींवर असते, परतीच्या वाटा अरुंद असतात. खाली उरलेले एका बाजूला गेले की जाळी उघडी पडते.

क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंगच्या शेलमध्ये बहुतेक इंजिनांत मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच फट असते. तिथे फेसाळलेले तेल भार पेलत नाही. आधी जातात ती कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे, कारण त्यांना तेल मेन बेअरिंगमधून, क्रँकमधल्या बारीक छिद्रांवाटे मिळते. रांगेत ती शेवटी उभी असतात.

मोठा पंप आधी नको

ही मागणी आमच्याकडे सर्वाधिक येते आणि आम्ही बहुधा नाही म्हणतो. जाळीशी तेलच नसेल तर मोठा पंप जास्त हवा ओढेल, आणि असलेले तेल वर लवकर पाठवून चेंबर आणखी कोरडे करेल. बेअरिंगच्या फटी मुद्दाम वाढवल्या असतील तरच त्याला अर्थ आहे.

सुरुवात तेलाच्या पातळीपासून करा. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम, बंद करून 5 मिनिटे झालेली, मग डिपस्टिक पाहा. प्रत्येक सेशननंतर पाहा, सकाळी एकदा पाहून भागत नाही. ट्रॅकसाठी वरच्या खुणेच्या थोडे वर, कमाल अर्धा लिटर जास्त, अनेक इंजिने चालवून घेतात. पण त्यापुढे क्रँकच तेलात आपटून फेस करते आणि ज्याला टाळायचे तेच घडते.

त्यानंतर बॅफल. चेंबरमध्ये पिकअपभोवती पत्र्याची खोली आणि तिला फक्त आत उघडणारी झडपदारे: तेल आत येते, बाहेर सांडत नाही. सोबत क्रँकखाली विंडेज ट्रे, म्हणजे फिरत्या क्रँकला तेलापासून वेगळा ठेवणारा पत्रा, असेल तर उत्तम. काम साधे दिसते, चुका मात्र बारीक होतात:

- जाळी आणि चेंबरचा तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर हवे. जाळीवर मातीचा गोळा लावून चेंबर पॅकिंगसह बसवा, काढा, दबलेली जाडी मोजा. चेंबरला खालून ठोकर लागली असेल तर हे माप पुन्हा घ्याच.
- पिकअपच्या नळीची ओ-रिंग दर वेळी नवी. ओढणाऱ्या बाजूची गळती बाहेर ठिपकाही टाकत नाही, फक्त हवा आत घेते, म्हणून ती सापडत नाही.
- सीलंटची रेघ 2 ते 3 मिमी पुरे. आत दबून आलेला जादा सीलंट सुटतो आणि जाळीवर जाऊन बसतो.
- वेल्डिंगनंतर उडालेले कण खरवडून, धुऊन काढा.

चिकट टायरवर बॅफल अपुरे पडले तर ॲक्युम्युलेटर. दाबाखाली 2-3 लिटर तेल साठवणारा हा सिलिंडर प्रेशर पडताच ते गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या मुख्य वाटेत, सोडतो. याने काही सेकंद मिळतात, मिनिटे नाहीत. इंजिन चालू असतानाच, थोडे रेव्ह देऊन, त्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मग इंजिन थांबवा. पुढच्या स्टार्टआधी तो उघडला की बेअरिंगांना आधीच तेल मिळते. उलटे केले तर साठा चेंबरमध्ये उतरतो आणि डिपस्टिक खोटी पातळी दाखवते. स्लिक (बिनखाचांचे) टायर आणि डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) असलेल्या गाडीला मात्र ड्राय संपच, म्हणजे तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना, द्यावा. तिथे अर्धे उपाय शेवटी महाग पडतात.

तापमान

तेल 100 ते 120 अंश सेल्सियसला असावे. 130 च्या पुढे ते पातळ होऊन प्रेशर उतरते, तेव्हा एक फेरी हळू मारा. ऑइल कूलर बसवताना थर्मोस्टॅट असलेलीच प्लेट घ्या. थंड, घट्ट तेलावर रेव्ह ताणणेही तितकेच वाईट.

गेज

डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण अर्ध्या बारखाली लागतो. आयडलला तो ठीक आहे. 6000 आरपीएमला तो लागेपर्यंत बेअरिंग गेलेले असते. दर 1000 आरपीएमला 10 पीएसआय, म्हणजे सुमारे 0.7 बार, हा जुना ठोकताळा, पण पातळ तेलाच्या नव्या इंजिनांना उत्पादकाचाच आकडा धरा. खरा सेन्सर लावा, आणि वरच्या रेव्हवर 3 बारखाली गेल्यास डोळ्यांसमोर पेटणारा मोठा दिवा. त्यापेक्षा चांगले म्हणजे लॉगर, आकडे नोंदवून ठेवणारे यंत्र: सेकंदाला किमान 10 नोंदी, प्रेशर, आरपीएम आणि बाजूचा जी एकत्र. ठरावीक वळणातच प्रेशरच्या रेषेत खड्डा दिसला तर तेल सरकते आहे. सरळ पट्ट्यावरही दिसला तर ओ-रिंग, पिकअप नळीची चीर किंवा पंपाच्या स्प्रॉकेटचा नट तपासा.

दिवा लागलाच तर

क्लच दाबा, इंजिन बंद करा, इतरांची वाट सोडून गाडी बाजूला घ्या. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील, तयारी ठेवा. "बघू या पुन्हा" म्हणून स्टार्ट मारू नका. फिल्टर कापून घडीचा कागद उलगडा आणि पिळून उन्हात धरा. चमचमणारे कण चुंबकाला चिकटले तर लोखंड, न चिकटता तांबूस किंवा रुपेरी दिसले तर बहुधा बेअरिंगचा धातू. तसे दिसल्यास गाडी टोइंगवर आणा.