त्वचेच्या कर्करोगाचा ऑनलाइन कोर्स : खान्देशातल्या पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) डॉक्टरांनी अर्ज कसा करावा

फी भरण्याआधी अभ्यासक्रम उघडा आणि त्यात तळपाय व गडद त्वचा आहे का, ते बघा. बरेच कोर्स गोऱ्या कातडीचे फोटो धरून बनलेले असतात. आपल्याकडे मेलेनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) कमी दिसतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, कुष्ठरुग्णाच्या वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर स्क्वॅमस सेल कर्करोग (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा) उठतो. असा रुग्ण आधी आपल्याच ओपीडीत येतो.

पारोळा तालुक्यातल्या एका बाबांनी टाच पुढे केली. "पायले कुरूप शे, डॉक्टर." घरी ब्लेडने कापत होते. मी कुरूपाचं औषध लिहून दिलं आणि दोन महिने वाया गेले. डाग काळा होता, कडा वेड्यावाकड्या होत्या, हे मला दिसत होतं; तो मेलेनोमा असू शकतो, हे कळलं नाही. तळव्यावर बोटांच्या ठशासारख्या रेघा असतात. डर्मोस्कोपने (त्वचा तपासायच्या भिंगाने) साधारण दहापट मोठं करून पाहिलं, की रंग खाचांत असल्यास बहुधा साधा तीळ असतो; उंचवट्यांवर असल्यास थांबायचं नाही, बायोप्सीसाठी पाठवायचं. हे शिकवणारा कोर्स घ्या.

पात्रता : एमबीबीएस आणि वैद्यकीय परिषदेची चालू नोंदणी सहसा पुरते, एमडी लागत नाही. बीएएमएस (आयुर्वेद पदवीच्या) वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळीकडे प्रवेश मिळत नाही. त्यांनी आधी ई-मेलने विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं.

कागदपत्रं : नोंदणी प्रमाणपत्र, शेवटच्या नूतनीकरणाची प्रत, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो. सगळं पीडीएफमध्ये, चारही कोपरे दिसतील असं स्कॅन करा. नावाचं स्पेलिंग नोंदणीत आहे तसंच अर्जात हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरताईंनी राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडावा. प्रमाणपत्रावर एकदा चुकीचं नाव छापलं, की दुरुस्तीला फार वेळ जातो.

सरकारी सेवेत असाल तर पीएचसीवाल्यांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयवाल्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे परवानगीचा अर्ज द्यावा. थेट वर्गाच्या वेळा त्यात लिहा, म्हणजे ड्युटी लावताना अडचण येत नाही. फी परदेशी चलनात असेल तर कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बँकेतून सुरू करून घ्या.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी होतं आणि त्यासाठी 30 क्रेडिट (मान्यताप्राप्त कोर्स, परिषदांतून मिळणारे गुण) लागतात. परदेशी कोर्सचे गुण त्यात धरले जातीलच असं समजू नका. कौन्सिलची मान्यता आहे का, ते प्रवेशाआधीच विचारा.

धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंज जाते. धडे डाउनलोड होतात का ते पाहा, आणि परीक्षा तालुक्याच्या गावी बसूनच द्या.

काही कोर्समध्ये स्वतःच्या रुग्णांचे फोटो पाठवावे लागतात. चेहरा आणि नाव दिसू देऊ नका, लेखी संमती घ्या. सातपुड्यात रुग्ण पावरी बोलणारा असेल, तर फोटो कुठे जाणार आणि कशासाठी, हे आशाताईंकडून आधी त्याच्या बोलीत सांगून घ्या, आणि मगच अंगठा.